‘र’ कुठे गळतो, ‘बी’ कशाला येतो? इंग्रजीच्या बोलींविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजीच्या प्रादेशिक आणि वांशिक बोलींविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे उच्चार ढोबळ समजावेत. जिथे बारकावा महत्त्वाचा आहे तिथे जीभ नेमकी काय करते ते सांगितलं आहे.

प्रश्न : ब्रिटिश माणूस ‘कार’मधला ‘र’ गिळतो, अमेरिकन माणूस उच्चारतो. मुलांना हा नियम असाच पाठ करायला सांगू का? (इंग्रजीच्या शिक्षिका)

नका सांगू. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ‘र’ ठणठणीत आहे. खुद्द इंग्लंडमध्येही नैर्ऋत्येला, म्हणजे ब्रिस्टल, डेव्हन, कॉर्नवॉलकडे, तो ऐकू येतो. लँकशायरमध्ये त्याचा एक लहानसा पट्टा उरला आहे. उलट अमेरिकेत बॉस्टनची जुनी बोली, न्यूयॉर्कची जुनी बोली, दक्षिणेतल्या जुन्या पिढीचं बोलणं आणि आफ्रिकन अमेरिकन बोली या सगळ्यांत तो गळतो. तेव्हा ब्रिटिश-अमेरिकन ही विभागणी इथे कामाची नाही.

मुलांना शिकवायचंच असेल तर तो कुठे गळत नाही ते शिकवा. ‘र’नंतर लगेच स्वर आला तर तो राहतो : ‘रेड’, ‘व्हेरी’. पुढे व्यंजन असेल किंवा बोलणं तिथेच थांबत असेल तर तो गळतो : ‘पार्क’, ‘कार’. शब्द ‘र’वर संपला आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, की गेलेला ‘र’ परत येतो. लंडनचा माणूस नुसतं ‘का’ म्हणेल, पण ‘कार इंजिन’ म्हणताना ‘र’ स्पष्ट ऐकवेल.

खरी गंमत पुढे आहे. जिथे ‘र’ कधी नव्हताच तिथेही तो घुसतो. ‘लॉ अँड ऑर्डर’चं ‘लॉरन ऑर्डर’ होतं. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘र’ गळण्याची प्रक्रिया अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. ती झाल्यावर ‘कायदा’ या अर्थाचा ‘लॉ’ आणि ‘परंपरेने आलेलं ज्ञान’ या अर्थाचा ‘लोअर’ हे दोन शब्द कानाला सारखेच झाले. एकात स्वरापूर्वी ‘र’ येतो म्हणताना बोलणाऱ्यांनी दुसऱ्यातही आणला. पण तो फक्त आ, ऑ आणि आखूड अ यांच्यानंतरच येतो. ‘सी इट’मध्ये ‘ई’नंतर तो कधीच घुसत नाही, तिथे हलकासा ‘य’ येतो. बॉस्टनमध्येही असा घुसखोर ‘र’ आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या र-हीन बोलीत मात्र तो सहसा आढळत नाही.

या ‘र’ला प्रतिष्ठा कशी चिकटते हे अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबाव यांनी 1962 साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत तपासलं. एक दुकान महागडं, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं ते विक्रेत्याला विचारत, म्हणजे उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असंच येई. मग ऐकू आलं नाही असं दाखवून ते उत्तर पुन्हा वदवून घेत. अशा रीतीने व्यंजनापूर्वीचा आणि शब्दाअखेरचा, सहज आणि जपून उच्चारलेला, असे चार ‘र’ एकेका माणसाकडून मिळत. निदान एखादा ‘र’ उच्चारणारे विक्रेते महागड्या दुकानात 62 टक्के, मध्यम दुकानात 51 टक्के आणि स्वस्त दुकानात जेमतेम पंचमांश होते. त्याच काळात लंडनमध्ये ‘र’ उच्चारला तर लोक खेडवळ समजत. ध्वनी एकच, पण समुद्राच्या दोन काठांवर किंमत उलटी.

प्रश्न : एका कादंबरीत आफ्रिकन अमेरिकन पात्र एकदा ‘शी ॲट होम’ आणि एकदा ‘शी बी ॲट होम’ म्हणतं. दोन्हींचा अनुवाद ‘ती घरी आहे’ असा केला तर चालेल ना? (अनुवादक)

चालणार नाही. ‘शी ॲट होम’ म्हणजे ‘ती घरी आहे’, आत्ता. ‘शी बी ॲट होम’ म्हणजे ‘ती घरी असते’, नेहमी किंवा वरचेवर. हा भेद प्रमाण इंग्रजीच्या क्रियापदात नाही, ‘युज्वली’सारखा शब्द जोडून तो दाखवावा लागतो. मराठीत तो आयता आहे, तेव्हा अनुवादात घालवू नका.

हा ‘बी’ कधीही, कुठेही येत नाही. ‘शी बी वर्किंग राइट नाउ’ हे वाक्य या बोलीत चुकीचं आहे, कारण ‘आत्ता’ आणि ‘नेहमी’ एकत्र नांदत नाहीत. बाहेरच्या लेखकाने केलेली नक्कल बहुधा इथेच उघडी पडते. नकारही वेगळ्या पद्धतीने होतो : ‘शी डोन्ट बी लेट’, म्हणजे ती उशिरा येणाऱ्यांतली नाही. लहान मुलांनाही हा भेद कळतो हे जॅनिस जॅक्सन यांच्या प्रयोगात दिसलं. चित्रात बिस्किटांसाठी प्रसिद्ध असलेलं पात्र आजारी होऊन झोपलं आहे आणि दुसरंच पात्र बिस्किटं खात आहे. ‘हू बी ईटिंग कुकीज?’ असं विचारल्यावर आफ्रिकन अमेरिकन मुलांचा कल आजारी पात्राकडे बोट दाखवण्याकडे होता, कारण एरवी खाणारं तेच. गोऱ्या मुलांचा कल त्या क्षणी खाणाऱ्याकडे होता.

आता ‘शी ॲट होम’मधून गळालेल्या ‘इज’कडे वळू. यामागचा नियम लबाव यांनी 1969 मध्ये मांडला : प्रमाण इंग्रजीत जिथे ‘इज’ आखडून ‘ज’ होऊ शकतो, तिथेच या बोलीत तो पूर्ण गळू शकतो. ‘शी इज नाइस’चं ‘शीज नाइस’ होतं, म्हणून ‘शी नाइस’ चालतं. ‘दॅट्स व्हॉट शी इज’मधला शेवटचा ‘इज’ आखडत नाही, म्हणून गळतही नाही. ‘आय ॲम’मधला ‘म’ टिकतो आणि भूतकाळातला ‘वॉज’ही टिकतो. अनुवादकाला याचा उपयोग असा : ‘इज’ नसलेलं वाक्य वर्तमानकाळीच असणार.

सर्वांत फसवा म्हणजे आघात देऊन म्हटलेला ‘बिन’. ‘शी बिन मॅरिड’ यात ‘बिन’वर जोर असेल तर अर्थ ‘तिचं लग्न होऊन खूप काळ लोटला आहे आणि ती अजूनही विवाहित आहे’. जॉन रिकफर्ड यांनी 1970च्या दशकात हे वाक्य ऐकवून ‘ती अजून विवाहित आहे का?’ असं विचारलं. आफ्रिकन अमेरिकन श्रोत्यांपैकी जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणाले, गोऱ्या श्रोत्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच. छापील पानावर आघात दिसत नसल्यामुळे संदर्भ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘डन’ मात्र सोपा आहे : ‘ही डन एट’ म्हणजे त्याचं खाऊन झालं.

बाकी खुणा अशा. ‘शी वॉक’मध्ये तृतीयपुरुषी ‘स’ नाही. ‘जॉन हाउस’मध्ये षष्ठीचा ‘स’ नाही, पण ‘ते जॉनचं आहे’ असं नामाशिवाय म्हणताना तो सहसा राहतो. शब्दाअखेरचं जोडव्यंजन सैल होतं, ‘टेस्ट’चं ‘टेस’, ‘डेस्क’चं ‘डेस’, आणि त्यांची अनेकवचनं ‘टेसेस’, ‘डेसेस’. इथेही अट आहे. जोडीतली दोन्ही व्यंजनं अघोष (गळा न थरथरता निघणारी) किंवा दोन्ही सघोष (गळा थरथरून निघणारी) असली तरच दुसरं गळतं. ‘जंप’मध्ये ‘म’ सघोष आणि ‘प’ अघोष, म्हणून ‘प’ शाबूत राहतो.

एक सल्ला, मागितलेला नसला तरी. अशा पात्राच्या तोंडी सरसकट एखादी ग्रामीण मराठी घालण्याआधी त्याच्या क्रियापदांचे काळ आणि अवस्था (क्रिया चालू, पूर्ण की नेहमीची) बरोबर उतरवा. रंग नंतर चढवता येतो. शिवाय सगळे आफ्रिकन अमेरिकन ही बोली बोलत नाहीत आणि बोलणारे सदासर्वकाळ बोलत नाहीत. लेखकाने एखाद्या पात्राला दोन प्रसंगी दोन तऱ्हांनी बोलवलं असेल तर ते मुद्दाम असू शकतं.

प्रश्न : ‘आस्क’ला ‘ॲक्स’ म्हणणं म्हणजे निव्वळ आळस, हे तरी मान्य कराल? (एक वाचक)

नाही. ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं तसा हा वर्णविपर्यय, म्हणजे वर्णांची अदलाबदल, आणि तोही हजार वर्षं जुना. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं शेजारी शेजारी होती. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याने दोन्ही वापरली. 1535 साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये ‘मागा म्हणजे तुम्हांला मिळेल’ या वचनात ‘ॲक्स’ असंच रूप आहे. पुढे प्रमाण भाषेने ‘आस्क’ उचललं. ‘ॲक्स’ आफ्रिकन अमेरिकन आणि कॅरिबियन बोलींत टिकलं, आणि लंडनच्या बहुवांशिक वस्त्यांतल्या तरुणांतही ऐकू येतं. नोकरीच्या मुलाखतीत कोणतं वापरावं हा व्यवहाराचा प्रश्न, त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्न : मी उपशीर्षकं लिहितो. इंग्रजी ‘ट’ प्रत्येक चित्रपटात वेगळाच लागतो, काही ठिकाणी तर लागतच नाही. याचं काही गणित आहे का?

आहे. अमेरिकन ‘वॉटर’, ‘बेटर’मध्ये जिभेचं टोक वरच्या हिरडीला एकदाच झटकन टेकतं. मराठी ‘र’ म्हणताना जीभ नेमकं हेच करते. म्हणून ‘गॉट अ’ आपल्या कानाला ‘गारा’ वाटतं. हे दोन स्वरांमध्ये होतं आणि पुढच्या अक्षरावर आघात नसेल तरच होतं. ‘अटॅक’, ‘होटेल’मध्ये ‘ट’नंतरच्या अक्षरावर आघात आहे, म्हणून तिथला ‘ट’ पूर्ण निघतो. ‘लॅटर’ (नंतरचा) आणि ‘लॅडर’ (शिडी) बहुतेक अमेरिकनांच्या तोंडी एकच असतात, तिथे अर्थावरूनच ठरवावं लागेल. कॅनडात आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ‘रायटर’ आणि ‘रायडर’ मात्र वेगळे कळतात. फरक व्यंजनात उरलेला नसतो, तो आधीच्या स्वरात असतो : ‘रायटर’मधला स्वर आखूड आणि किंचित वर उचललेला.

लंडनमध्ये, आणि आता ब्रिटनच्या बहुतेक शहरांत, हाच ‘ट’ गळ्यात अडतो. नकार देताना आपण ‘अं-अं’ म्हणतो तेव्हा मध्ये गळा क्षणभर मिटतो, तोच तो ध्वनी. उत्तर इंग्लंडमध्ये काही ठरावीक शब्दांत ‘ट’चा सरळ ‘र’ होतो : ‘शटअप’चं ‘शरप’, ‘गेट ऑफ’चं ‘गेर ऑफ’. लिव्हरपूलमध्ये आणि आयर्लंडमध्ये स्वरानंतरचा ‘ट’ पूर्ण न मिटता घासत जातो आणि ‘स’-‘श’कडे झुकतो, त्यामुळे ‘हॅट’ ऐवजी ‘हॅश’ ऐकल्याचा भास होतो.

तुमच्या कामात सर्वांत महाग पडणारी चूक ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची. अमेरिकन बोलण्यात ‘कान्ट’चा स्वरही ‘कॅ’च असतो आणि शेवटचा ‘ट’ सुटतच नाही. तिथे ‘ट’ शोधू नका, स्वर ऐका. ‘आय कन गो’ असा दबलेला, आखूड स्वर असेल तर होकार. ‘आय कॅन गो’ असा ठसठशीत ‘कॅ’ असेल तर बहुधा नकार. अपवाद एकच : ‘जाऊ शकतोच’ असं ठासून सांगताना होकारातही ‘कॅ’ ठसठशीत येतो, पण तेव्हा आधीच्या वाक्यात कुणीतरी शंका घेतलेली असते.

प्रश्न : स्वरांची तुलना कशी करायची? कोशातली चिन्हं बघून डोकं गरगरतं. (पदवीचा विद्यार्थी)

चिन्हं बाजूला ठेवा आणि शब्दांचे गट धरा. जॉन वेल्स यांनी 1982 मध्ये 24 शब्दगटांची पद्धत दिली, ‘किट’, ‘ड्रेस’, ‘ट्रॅप’, ‘बाथ’ अशी एकेका नमुना-शब्दाची नावं असलेले गट. प्रश्न विचारायचा तो एवढाच : या बोलीत कोणते दोन गट एकच झालेत आणि कोणते वेगळे राहिलेत?

इंग्लंडच्या उत्तरेला ‘पुट’ (ठेव) आणि ‘पट’ (गोल्फमधला हलका फटका) एकच, दोन्ही ‘उ’कारी. दक्षिणेत हे दोन सतराव्या शतकात वेगळे झाले, उत्तरेत ते लोण पोहोचलं नाही. ‘बाथ’ गटात दक्षिण इंग्लंड लांब ‘आ’ लावतो, उत्तर इंग्लंड आणि अमेरिका ‘ॲ’. स्कॉटलंडमध्ये ‘पुल’ (ओढ) आणि ‘पूल’ (तलाव) एकच. कॅनडात आणि पश्चिम अमेरिकेत ‘कॉट’ (खाट) आणि ‘कॉट’ (पकडलं) एकच. देवनागरीत हे दोन्ही मुळातच सारखे लिहिले जातात, त्यामुळे न्यूयॉर्ककर त्यांत केवढा फरक करतो हे मराठी वाचकाच्या लक्षात येत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या संस्थानांत, म्हणजे टेक्सास, अलाबामा, टेनेसी या बाजूला, ‘पिन’ आणि ‘पेन’ सारखे होतात. म्हणून ‘इंक पेन’ असं विशेषण लावून विचारावं लागतं. हे फक्त ‘न’ आणि ‘म’च्या आधीच होतं, ‘पिट’ आणि ‘पेट’ वेगळेच राहतात. त्याच भागात ‘टाइम’चं ‘टाऽम’ होतं. कॅनडातला ‘अबाउट’ विनोदाचा विषय झालाय, पण तिथला उचललेला स्वर ‘आउट’, ‘हाउस’सारख्या अघोष व्यंजनापूर्वीच येतो. ‘लाउड’मध्ये तो नसतो. नक्कल करणारे नेमकं ‘लाउड’ही वळवतात.

शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, बफेलो या पट्ट्यात विसाव्या शतकात स्वरांची अख्खी साखळीच सरकली. ‘ब्लॉक’ बाहेरच्याला ‘ब्लॅक’ वाटे आणि ‘बस’ ‘बॉस’ वाटे. एक स्वर हलला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, असा तो प्रकार. अलीकडची तरुण पिढी तिथे पुन्हा मागे फिरते आहे, त्यामुळे जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून आजच्या शिकागोबद्दल निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : डब्लिनच्या सहकाऱ्याने ‘आय ॲम आफ्टर सेंडिंग द फाइल’ असं कळवलं. फाइल पाठवली की पाठवायची आहे? (एक वाचक)

पाठवली, नुकतीच. ‘आफ्टर’ पाहून ‘मागे लागलो आहे’ असा अर्थ लावला जातो आणि घोटाळा होतो. ही रचना आयरिश भाषेतून आली. तिथे ‘मी अमुक केल्यानंतर आहे’ अशा धाटणीने नुकतीच पूर्ण झालेली क्रिया सांगतात. ‘आय डू बी’ म्हणजे ‘मी नेहमी असतो’. वर आलेल्या अमेरिकन ‘बी’शी त्याचं साम्य पाहून दोघांचा संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यावर एकमत नाही.

आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्द नाहीत, म्हणून आयर्लंडचा माणूस इंग्रजीतही क्रियापदानेच उत्तर देतो : ‘आर यू कमिंग?’ ‘आय ॲम.’ आपल्या ‘येतोस का?’ ‘येतो’सारखंच. आणि अनेक आयरिश लोक ‘थिंक’मधला ‘थ’ दातांना जीभ टेकवून म्हणतात, आपण ‘त-थ’ म्हणतो त्या जागी. अमेरिकन श्रोत्याला ‘थ्री’चं ‘ट्री’ ऐकू येतं, पण मराठी कान दंत्य आणि मूर्धन्य वेगळे ओळखत असल्यामुळे आपण इथे सहसा फसत नाही.

प्रश्न : ‘द कार नीड्स वॉश्ड’, ‘आय माइट कुड हेल्प’ हे टंकनदोष की बोली? (एक वाचक)

दोन्ही बोली. पहिली रचना स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताची. तिथून गेलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर ती पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत रुजली, पिट्सबर्गची तर ती ओळखच आहे. ती ‘नीड’शी सर्रास, ‘वॉन्ट’शी कमी आणि ‘लाइक’शी त्याहून कमी येते. इतर क्रियापदांशी येत नाही.

‘माइट कुड’ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या संस्थानांतला, अर्थ ‘कदाचित जमेल मला’. नकार किंवा सूचना मऊ करायला तो वापरतात. क्रम ‘माइट’ आधी असाच. यॉर्कशायरमधून कामाची वेळ कळवताना कुणी ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणालं तर ते नऊ ते पाच, तिथे ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’. आणि बॉस्टनकडे ‘सो डोन्ट आय’ म्हटलं तर ‘मीसुद्धा’, ‘मी नाही’ असा अर्थ लावाल तर फसाल.

नियमबद्धतेचा आमचा आवडता नमुना पूर्व अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातला ‘अ-हंटिंग’. हा ‘अ’ क्रियापदालाच लागतो, नाम किंवा विशेषण म्हणून आलेल्या ‘-इंग’ रूपाला लागत नाही. शब्दयोगी अव्ययानंतर लागत नाही. पहिल्या अक्षरावर आघात नसेल तरीही लागत नाही, म्हणून ‘अ-डिस्कव्हरिंग’ कुणी म्हणणार नाही. हे नियम कुठल्या शाळेत शिकवले जात नाहीत, तरी वाक्यांच्या जोड्या पुढे ठेवल्या की तिथले लोक नेमकी योग्य बाजू निवडतात.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांना स्पॅनिश येत नसूनही त्यांचं इंग्रजी स्पॅनिश वळणाचं का? (समाजशास्त्राची विद्यार्थिनी)

कारण ते परकी भाषा शिकतानाचं अडखळणं नाही, ती जन्मापासूनची बोली आहे. तिला चिकानो इंग्रजी म्हणतात. पहिल्या पिढीच्या शिकाऊ इंग्रजीतली काही वळणं पुढच्या पिढीने समवयस्कांकडून मातृभाषा म्हणून उचलली आणि बाकीची टाकून दिली. ओळखण्याची कसोटी : शिकाऊ माणसाच्या चुका अस्थिर असतात, आज एक उद्या दुसरी. बोलीतली वळणं गटभर सारखी असतात. चिकानो इंग्रजीत आघात नसलेले स्वर इतर अमेरिकनांइतके दबत नाहीत, ‘गोइंग’चा शेवट ‘ईन’सारखा होतो, ‘बेअरली’ हा शब्द ‘नुकतंच’ या अर्थाने येतो, ‘आस्क’च्या जागी ‘टेल’ येतो. लॉस एंजेलिसमध्ये कारमेन फॉट यांनी हे तपशीलवार नोंदवलं आहे.

वांशिक बोली वंशामुळे येत नाही. ती कुणाबरोबर वाढलात त्यातून येते. लंडनच्या पूर्व भागात कॅरिबियन, आफ्रिकन, बंगाली आणि गोऱ्या कुटुंबांतली मुलं एकत्र वाढली आणि तिथे कुठल्याच एका वंशाची नसलेली बोली तयार झाली. तीत ‘मॅन’ हे ‘मी’ या अर्थी सर्वनाम म्हणून येतं. जुन्या कॉकनीत, म्हणजे पूर्व लंडनच्या कामगारवर्गाच्या बोलीत, गळणारा शब्दारंभीचा ‘ह’ तीत पुन्हा उच्चारला जातो.

प्रश्न : आवाज ओळखणारी यंत्रं सगळ्या बोली सारख्याच ऐकतात का?

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या वक्त्यांच्या दर 100 शब्दांत सरासरी 19 चुका, आफ्रिकन अमेरिकन वक्त्यांच्या 35. कारण मुख्यतः उच्चार आणि लय, व्याकरण नव्हे. माणसांची स्थितीही फार बरी नाही. फिलाडेल्फियात न्यायालयीन लघुलेखकांना ही बोली ऐकवली. प्रमाणपत्रासाठी त्यांना 95 टक्के अचूकता लागते, पण दर दहा वाक्यांतली जेमतेम सहाच त्यांनी पूर्ण बरोबर उतरवली. हा अभ्यास 2019चा. अशा नोंदींवरून खटले चालतात.

प्रश्न : बोलीचा छोटा अभ्यास-प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून? (पदव्युत्तर विद्यार्थी)

एकच लकब निवडा. दहा निवडाल तर एकही पुरी होणार नाही. मग ती जिथे येऊ शकली असती अशा सगळ्या जागा मोजा, आली तिथल्या आणि नाही आली तिथल्याही. नवशिके फक्त आलेल्या जागा टिपतात आणि ‘हा माणूस 12 वेळा र गाळतो’ असं लिहितात. किती संधींपैकी 12, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ‘र’ मोजताना पुढे स्वर असलेल्या जागा वगळा, पुढचा शब्द ‘र’नेच सुरू होत असेल तर त्याही वगळा, कारण ऐकून ठरवता येत नाही. एका वक्त्याच्या निदान 30 जागा हव्यात, आणि त्यांत एकाच शब्दाची भरती नको. ‘फॉर’ 20 वेळा आला तर त्यातले चार-पाच घ्या.

‘तुम्ही असं म्हणता का?’ असं विचारू नका. लोक स्वतःबद्दल प्रामाणिकपणे चुकीचं सांगतात. हॅरल्ड ऑर्टन यांच्या देखरेखीखाली लीड्स विद्यापीठाने 1950 ते 1961 या काळात इंग्लंडमधल्या 313 ठिकाणी केलेल्या पाहणीत 1300हून अधिक प्रश्न होते. वस्तूचं नाव न घेता तिचं वर्णन करून किंवा ती दाखवून उत्तर काढून घ्यायचं, ही त्यांची रीत आजही उत्तम. मात्र त्यांचे बहुतेक माहितीदार वयस्कर ग्रामीण पुरुष होते. त्या नकाशांवरून शहरांबद्दल, बायकांबद्दल किंवा आजच्या मुलांबद्दल काही म्हणू नका.

ध्वनिमुद्रण असंपीडित वेव्ह स्वरूपात, 44.1 किलोहर्ट्झवर करा. संपीडित फाइल ऐकायला ठीक, मोजमापाला धोक्याची. पंखा बंद करा, ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवा, नाहीतर ‘प’-‘ब’चे फुत्कार आत जातात. पहिली दहा मिनिटं माणूस जपून बोलतो, ती मोजणीत धरू नका. उतारा वाचून घेतलात तर स्वरांची तुलना सोपी जाते, पण व्याकरण हाती लागत नाही, कारण ते छापलेलंच असतं.

स्वर मोजायला प्रात हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मोजमाप स्वराच्या मध्यावर घ्या, कडेला शेजारचं व्यंजन त्याला ओढतं. अनुनाद (फॉर्मंट) म्हणजे तोंडाच्या पोकळीच्या आकारामुळे ठळक होणाऱ्या कंप्रता, त्यांवरून स्वर ओळखला जातो. अनुनादाची कमाल मर्यादा पुरुषाच्या आवाजासाठी सुमारे 5000 हर्ट्झ आणि स्त्रीच्या आवाजासाठी 5500 ठेवा. ही मर्यादा चुकली की ‘ऊ’ आणि ‘ऑ’चे आकडे हमखास बिघडतात : दोन जवळचे अनुनाद एकच मोजले जातात किंवा नसलेला मध्येच उगवतो. एखादा ‘ऊ’ आलेखात ‘ई’शेजारी जाऊन बसला तर नवी बोली सापडल्याचं जाहीर करण्याआधी हा आकडा तपासा.

प्रश्न : न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचं बोलणं वेगळं कसं ओळखायचं?

‘फिश अँड चिप्स’ म्हणायला सांगा. ऑस्ट्रेलियन ‘फीश’कडे झुकेल, न्यूझीलंडचा ‘फश अँड चप्स’ म्हणेल. न्यूझीलंडमध्ये ‘बेड’ही वर सरकून ‘बिड’सारखा होतो. शिवाय तिथल्या अनेक तरुणांच्या तोंडी ‘बीअर’ (पेय) आणि ‘बेअर’ (अस्वल) एकच झालेत. अडत मात्र कुणाचं नाही, अस्वल सहसा कुणी मागवत नाही.